सुई, दोरा आणि फुरसत : हातकामाचा आनंद कुणाच्या वाट्याला?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात अलीकडे रविवारच्या कार्यशाळांना बहर आला आहे. क्रोशे शिका, लोकरीचे विणकाम शिका, मातीची भांडी घडवा, जुन्या साडीची पिशवी शिवा. सगळ्या जाहिरातींत आश्वासन एकच असते : हाताने काहीतरी करा, मन हलके होईल.

या आश्वासनाशी आमचे भांडण नाही. ज्याने एकदा दोन सुयांवर टाके घालून सुलट-उलट, सुलट-उलट करत वीतभर पट्टी विणली आहे, त्याला हे कुणी पटवून द्यावे लागत नाही. हात चालतात, डोके शांत होते. काल नव्हते ते आज डोळ्यांसमोर तयार झालेले असते. टाका गळला तर मागे जाऊन उचलता येतो, सगळेच फसले तर उसवून पुन्हा घालता येते. आयुष्यात अशी सवलत फार थोड्या ठिकाणी मिळते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात खिडकीशी बसून नातवाचा स्वेटर विणणारी बाई आपण पाहतो. त्याच वेळी उल्हासनगरच्या बाजूला, जिथे जीन्स शिवण्याचा मोठा धंदा चालतो, तिथल्या एखाद्या खोलीत दुसरी बाई पँटींचा ढीग समोर घेऊन सुटे धागे कापत बसलेली असते. तिला नगावर पैसे मिळतात. दोघींचे हात तितकेच सफाईदार. मग एकीच्या हाताला छंद म्हणायचे आणि दुसरीच्या हाताला मजुरी, हे कुठून आले? पहिलीचे मन हलके होते आणि दुसरीची मान आखडते, हे कशामुळे?

आमचे म्हणणे असे की हातकामाला आनंद तीन गोष्टींमुळे येतो. काम स्वतः निवडण्याची मोकळीक, स्वतःच्या मालकीचा वेळ आणि केलेल्या वस्तूवर आपले नाव व आपला हक्क. जातिव्यवस्थेने कष्टकऱ्याकडून या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या. त्या कशा गेल्या आणि बाबासाहेबांनी त्या परत मिळवण्यासाठी काय केले, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या तरुणांनी हातकामाकडे लाजेनेही पाहू नये आणि भारावूनही पाहू नये.

कल्याणचा लोहार नंद

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. कल्याण हे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. त्या काळी खाडीपलीकडे साष्टीच्या डोंगरात कान्हेरीची बौद्ध लेणी खोदली जात होती आणि त्यांच्यासाठी दान देणाऱ्यांत कल्याणची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यात व्यापारी होते, तसे कारागीरही होते. कल्याणच्या एका सोनाराने, स्वामिदत्ताने, पाण्याचे टाके दिले. कल्याणच्या एका लोहाराने, नंदाने, वाट दिली. दोघांनीही दगडावर आपले नाव, आपले गाव आणि आपला धंदा कोरून ठेवला.

लक्षात घ्या, ‘लोहार’ हा शब्द त्या लेखात लपवलेला नाही. आज आपल्यातले किती जण आडनाव सांगताना क्षणभर थबकतात? नंदाला धंदा सांगताना थबकावेसे वाटले नसावे. उलट ते त्याने लेण्याच्या दगडात कोरून घेतले.

जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा आणि कासारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. या श्रेणींकडे लोक पैसे ठेव म्हणून ठेवत आणि त्याच्या व्याजातून धर्मकार्य चाले. नाशिकच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण ठेवल्याचे लिहिले आहे. पहिल्या ठेवीला महिन्याला शेकडा एक व्याज. वर्षाचे होतात २४०. त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब काटेकोर जुळतो.

राजाचा जावई विणकरांकडे पैसे सुरक्षित राहतील म्हणून ठेवतो, याचा अर्थ विणकरांना पत होती. त्यांची संघटना राजघराण्याच्या भरवशाला उतरणारी होती. त्या काळी सगळी माणसे समान होती असा दावा आम्ही करत नाही. वर्णाची उतरंड तेव्हाही होती आणि याच उषवदाताने ब्राह्मणांना दिलेली दानेही लेखांत आहेत. पण बांबू चिरणारा हात अशुद्ध आहे, ही गोष्ट काही निसर्गाने ठरवलेली नाही, हे या शिलालेखांवरून सिद्ध होते. जुन्नरला ज्या बांबूकामाच्या श्रेणीकडे ठेवी ठेवल्या जात, तेच बांबूकाम करणारा बुरूड समाज पुढे अस्पृश्य ठरवला गेला आणि आज तो महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. बांबू तोच आहे आणि कोयताही तोच आहे. मधल्या काळात बदलली ती समाजाची नजर.

आठ वस्तूंमधली सुई

दुसरा पुरावा आपल्या धम्मातच आहे, पण आपले त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. भिक्खूला जवळ ठेवता येणाऱ्या आठ वस्तू सांगितल्या आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळण्याचे साधन आणि सुई. घरदार सोडलेल्या, दागदागिने सोडलेल्या माणसाने सुई मात्र सोडायची नाही. कारण चीवर फाटले तर ते दुसऱ्या कुणी शिवून देण्याची वाट पाहायची नाही.

विनयपिटकात याचे बारीक तपशील आहेत. शिवताना बोटांना टोचते म्हणून अंगुस्तान वापरण्याची परवानगी भगवंतांनी दिली. सुया गंजू नयेत, हरवू नयेत म्हणून सुयांची नळी ठेवायला सांगितली. ज्याला माणसाच्या दुःखाचे मूळ सापडले होते, त्याला शिवणाऱ्याच्या बोटाचे टोचणेही क्षुल्लक वाटले नाही.

महावग्गात चीवराच्या आकाराची गोष्ट आहे. मगधात फिरताना भगवंतांनी बांधाबांधांनी आखलेली भातखाचरे पाहिली आणि आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने तसे तुकडे बेतून, मध्ये बांधासारख्या पट्ट्या घालून चीवर तयार केले. भगवंतांनी त्याची तारीफ केली. म्हणजे चीवर हे मुळात तुकडे जोडून केलेले वस्त्र आहे. सुरुवातीच्या काळात तर ते टाकून दिलेल्या, धुळीत पडलेल्या चिंध्यांचे असे. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचा जो विधी होतो, त्यातही कापड कापणे, शिवणे, रंगवणे हे सगळे भिक्खूंनी मिळून एकाच दिवसात पुरे करायचे असते.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, शिवणकाम हे बायकांचे काम ही समजूत धम्मात नाही. सुई पुरुषांच्या हातात होती आणि त्यात कमीपणा नव्हता. दोन, संघात कोणत्याही जातीतून आलेला माणूस तीच सुई तसाच चालवत होता. उपाली न्हावी होता, आनंद शाक्य कुळातला होता. सुई दोघांनाही सुटली नाही.

जातीने हातातून काय काढून घेतले

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने रद्द केल्यामुळे स्वतः छापलेले भाषण, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’, आपण नेहमी उद्धृत करतो. त्यातला श्रमाविषयीचा भाग हातकामाच्या अंगाने पुन्हा वाचावा. जात ही श्रमाची विभागणी आहे असे तिचे समर्थक म्हणतात. बाबासाहेब दाखवून देतात की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. माणसाचा कल, त्याची आवड, त्याचे कौशल्य यांना तिथे जागा नाही. जन्मालाच काम चिकटते. ज्या कामाला समाज हलके मानतो, ते करणाऱ्याला त्या कामाचा तिटकारा येतो आणि संधी मिळताच ते टाळावेसे वाटते. ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, ते काम चांगले कसे होणार, असा त्यांचा मुद्दा आहे.

आता गावगाडा डोळ्यांसमोर आणा. मांगाने दोर वळायचा, चांभाराने मोट शिवायची, ढोराने कातडे कमवायचे, बुरुडाने सूप-टोपली विणायची. दोर वळण्यात कसब नाही काय? पीळ कमी पडला तर दोर तुटतो, जास्त पडला तर गाठाळतो. कातडे कमवणे तर पक्के रसायनशास्त्र आहे. पण हे कसब दाखवणाऱ्याला किंमत ठरवण्याचा अधिकार नव्हता. सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते बलुते. ज्या दोराने विहिरीचे पाणी वर येई, तो वळणाऱ्याला त्या विहिरीवर जागा नव्हती. कोकणातल्या आणि देशावरच्या महाराच्या वाट्याला तर एका धंद्याचाही आधार नव्हता. वतनाच्या नावाखाली सांगेल ते काम, सांगेल त्या वेळी. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. त्यामागचा विचार साधा होता. स्वतःचा वेळ स्वतःच्या ताब्यात नसलेला माणूस स्वतःचा धनी होऊ शकत नाही.

धोट्याला लागलेले ओठ

कुणी म्हणेल, हे गावात. शहरात आलो, गिरणीत गेलो, मग जात सुटली. ठाणे-कल्याणच्या आपल्या कितीतरी घरांची मुळे गिरणगावात आहेत. १९८२ च्या संपानंतर अनेक कुटुंबे तिथून उठून इकडे आली. त्यांच्या घरांत ही आठवण जिवंत असायला हवी.

मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला होता. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून ओठांनी ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. त्यामुळे आपली माणसे कमी पगाराच्या कताईच्या खात्यात अडकून राहिली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला. मालकाविरुद्ध सगळे एक असतील, तर विणाई खाते सगळ्यांना उघडे का नाही, असा तो सवाल होता.

ज्यांच्यातल्या अनेक घराण्यांनी विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणले, त्याच समाजाच्या माणसाला मुंबईत मागावर उभे राहता येत नव्हते. बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी होते आणि कबीर तर विणकरच होता. हात दोऱ्याचे जाणकार होते, आडवी आली ती जात. तेव्हा ‘हस्तकलेची आपली थोर परंपरा’ असे कुणी भाषण ठोकू लागले की आपण विचारावे : त्या परंपरेत मागावर कोण बसू शकत होते आणि कोण नाही?

यंत्र आणि फुरसत

इथे चरख्याची गोष्ट काढावीच लागते. गांधींनी हाताने सूत काढण्याला नैतिक मोठेपण दिले आणि यंत्राकडे संशयाने पाहिले. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात त्याला सविस्तर उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद असा : जनावर आणि माणूस यांत फरक आहे तो संस्कृतीचा. संस्कृतीसाठी फुरसत लागते. पोट भरण्यातच ज्याचा सगळा दिवस जातो, त्याला विचार करायला, शिकायला, सुंदर काही निर्माण करायला वेळ कुठून मिळणार? ही फुरसत सर्वांना मिळायची तर यंत्र हवे. यंत्रामुळे अन्याय झाला असेल तर दोष यंत्राचा नाही, नफा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

काही मित्रांना वाटते, बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे म्हणजे हातकामाच्या विरोधातले. आम्हाला उलटे वाटते. ज्या वस्तूची गरज यंत्र भागवते, तीच वस्तू हाताने करणे छंद होऊ शकते. ठाण्यात १९२५ पासून रेमंडची लोकरीच्या कापडाची गिरणी होती. आज त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. अशा गिरण्यांनी ऊबदार कापड बाजारात आणले, म्हणून स्वेटर हाताने विणणे ही सक्ती राहिली नाही, हौस झाली. थंडीत पोर कुडकुडू नये म्हणून रात्रभर विणावे लागते तेव्हा ते कष्ट असतात. पोराकडे एक स्वेटर असताना दुसरा प्रेमाने विणला जातो तेव्हा त्यात आनंद असतो. मधला फरक यंत्राने आणि फुरसतीने केला आहे.

ही फुरसत नुसत्या युक्तिवादाने मिळाली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठवड्याला सहा तास कामगाराच्या मालकीचे झाले. आज डोंबिवलीच्या कार्यशाळेत रविवारी क्रोशाची सुई धरणाऱ्याच्या मोकळ्या वेळेत त्या सहा तासांचा वाटा आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. बाबासाहेब स्वतः, ग्रंथांच्या आणि कामाच्या डोंगरातून वेळ काढून, व्हायोलिन शिकत होते. हाताला आणि मनाला आनंद देणारी गोष्ट, जिच्यातून पैसा मिळायचा नव्हता आणि पदही मिळायचे नव्हते. आपल्या पोरांना हे चित्रही माहीत असावे.

जुनेरातली गोधडी

आता आपल्या घरात येऊ. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाडा, खानदेश, नगर, नाशिककडून जी माणसे ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत उतरली, त्यांच्या बोचक्यात एक गोष्ट हमखास होती. गोधडी.

गोधडीला विकतचे कापड लागत नाही. जुने लुगडे अस्तराला, त्यावर फाटके सदरे, परकर, धोतरे, मुलांची झबली यांचे थर. जमिनीवर पसरून, सुरकुती काढून, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचे. मग कडेने धावदोरा घालत फिरत फिरत आत यायचे. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. वरच्या थरावर कुठला तुकडा कुठे लावायचा हे मात्र करणारीच्या मनावर. लालशेजारी हिरवा की पिवळा, मधोमध फूल की चौकट, यात ना सासूचे चाले ना मुकादमाचे. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाने वापरलेले हात त्या एवढ्या जागेत स्वतःच्या मर्जीने चालत.

आम्ही याचे गोडवे गाणार नाही. गोधडी शिवली कारण ब्लँकेट घ्यायला पैसे नव्हते. ती शिवली तो वेळ झोपेतून चोरलेला होता. पण एवढ्या चोरलेल्या वेळातही आपल्या आज्यांनी नुसते चिंध्यांचे थर जोडले नाहीत, रंग जुळवले. ते कुणी सांगितले नव्हते, त्याचे पैसे मिळणार नव्हते. माणूस असण्याचा याहून साधा पुरावा आम्हाला ठाऊक नाही. आणि तुकड्यांना तुकडे जोडून केलेल्या या वस्त्राला कुणी हलके म्हणालाच, तर त्याला आनंदाने बेतलेल्या चीवराची गोष्ट सांगावी.

पुढे चाळ सुटली, फ्लॅट आला. पाहुणे येणार म्हटले की गोधडी पलंगाखाली गेली, मग माळ्यावर, मग भंगारात. आता तीच गोधडी मॉलमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत ‘हँडमेड क्विल्ट’ म्हणून हजारोंच्या किमतीला विकली जाते. ज्या दिवशी आपण ती लाजेने टाकली, त्यानंतर कुणीतरी ती कौतुकाने उचलली आणि किंमत लावली. त्या किमतीतले शिवणारीच्या हाती काय पडते, हे विचारायला हवे.

कौतुक कलेचे, बेडी कलावंताला

कलेचे कौतुक आणि कलावंताचे शोषण एकाच वेळी कसे चालते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. वारली बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढत. पण त्याच लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही त्याचे बांधील होत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या लढ्यात वारल्यांनी ही वेठ नाकारली. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रे जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र कपावर आहे, कुर्त्यावर आहे, शहरातल्या भिंतींवर आहे. लग्नगडी हा शब्द मात्र त्या कपाबरोबर कुणी विकत नाही.

२०२३ साली केंद्र सरकारने १३,००० कोटींची पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक धंदे, त्यांत चांभार, टोपली-झाडू करणारे, न्हावी, धोबी. अवजारांसाठी १५,००० रुपये, कमी व्याजाचे कर्ज. जो आज त्या धंद्यात आहे त्याने हा पैसा जरूर घ्यावा, तो त्याचा हक्क आहे. पण योजनेच्या भाषेत गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेला धंदा यांचा जो गौरव आहे, तिथे आपण कान टवकारले पाहिजेत. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी मुलांनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा अशी योजना काढली होती. पेरियारांच्या चळवळीने ती उलथवली, १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. झाडू बांधण्याचे कसब चांगले असेल तर ते सगळ्या जातींच्या मुलांना शाळेत शिकवा. ते एकाच जातीच्या मुलाच्या कुंडलीत लिहू नका.

मग आपण काय करावे?

पहिले, सुई हातात घ्यावी. मुलांनीही. आपल्यातल्या तरुणाने विणकाम शिकले, सुट्टीच्या दिवशी घरातले फडताळ स्वतः ठोकले, फाटलेली पिशवी स्वतः शिवली, तर तो जातीच्या धंद्याकडे परत जात नाही. तो निवडतो आहे आणि निवड करणे हेच जातीच्या विरोधात आहे.

दुसरे, विहारात महिन्यातून एक दुपार हातकामासाठी ठेवावी. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना शिक्षिका म्हणून बोलवावे. ज्यांनी आयुष्यभर ‘आम्हाला काय येतंय’ म्हटले, त्यांच्यासमोर पदवीधर नातवंडांनी बसून धावदोरा शिकावा. शिवता शिवता त्यांचा गाव, त्यांचे स्थलांतर, त्यांचे कष्ट लिहून घ्यावेत. हा आपला इतिहास आहे आणि तो फार काळ वाट पाहणार नाही. वर्षावासानंतर चीवरदानासाठी तयार चीवर विकत आणतो, त्यातले एखादे तरी कापड आणून सर्वांनी मिळून शिवावे.

तिसरे, घरी नगावर काम करणाऱ्या बायकांच्या हिशेबात लक्ष घालावे. एका तासात किती नग होतात ते मोजा, दराने गुणा आणि सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या शेजारी मांडा. दर, तारीख, नग हे वहीत लिहा. एका गल्लीतल्या दहा जणींनी एकच दर मागितला तर बोलणी करता येतात, एकटीने मागितला तर गठ्ठा शेजारच्या घरी जातो. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालापासून आहे आणि भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ही मागणी आपल्या सभांच्या ठरावांत यायला हवी. धागे कापणाऱ्या बाईलाही रविवार मिळाला, तिच्याही हाती हौसेची लोकर आली, तर बाबासाहेबांचा फुरसतीचा युक्तिवाद तिच्या घरापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

आणि शेवटचे. जे कराल त्यावर नाव घाला. गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने शिवणारीचे नाव, गाव आणि साल. वस्तू विकायची असेल तरीही. कल्याणच्या नंद लोहाराने छिन्नीने जे दगडावर उमटवले, ते आपण सुईने कापडावर उमटवू शकतो.

जय भीम! नमो बुद्धाय!